साठ सेकंदांचा पंप

फाउंड्रीत एक गोष्ट कधी संपत नाही, ती म्हणजे भंगार. उद्या टाकू, परवा टाकू म्हणत ते कोपऱ्यात पडून राहतं, त्यावर गंज चढतो, आणि एक दिवस कुणीतरी त्यातला एक तुकडा उचलून विचारतं, "हे कशाचं हो?" मग काम थांबतं आणि गोष्ट सुरू होते. आम्ही शिरोली एमआयडीसीतले तिघं-चौघं निवृत्त लोक दर गुरुवारी माझ्या घरी चहाला जमतो, तेव्हाही असंच होतं. कुणीतरी एक तुकडा उचलतो.

बाकीचे किस्से आम्ही हसत सांगतो. हे जे सांगणार आहे ते सगळे एकाच ऑर्डरचे आहेत, आणि ते सांगताना मधेच कुणीतरी खिडकीबाहेर बघायला लागतं. मी धातुशास्त्राचा डॉक्टर. परदेशात शिकलो, साठच्या दशकात परत आलो आणि आयुष्यभर एका फाउंड्रीची लॅब सांभाळली. त्या ऑर्डरच्या कागदांत एका कागदावर माझी सही आहे. तो कागद खरा होता की खोटा, याचा हिशेब माझ्या मनात अजून लागलेला नाही. त्यामुळे माझ्या सांगण्यात कुठं चूक असेल तर ती मुद्दाम केलेली नसेल, एवढंच समजून घ्या.

*

आमचे मालक अण्णा. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा सातवीपर्यंत. उसाचे चरक दुरुस्त करता करता ऑइल इंजिनं आणि पंप करायला लागलेला माणूस. त्यांचा नियम साधा होता. नमुना दाखवा, वस्तू घेऊन जा. त्यांनी कुणाला "जमणार नाही" म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मुंबईचे मेहता नावाचे एक एजंट आले. परदेशी गिऱ्हाईक आहे म्हणाले आणि टेबलावर ड्रॉइंग उलगडलं. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. त्यात भागाचं नाव, कंपनीचं नाव, तारीख, काढणाऱ्याची सही, सगळं असतं. इथं ती चौकट कात्रीनं कापून काढली होती. त्या चौकोनातून अण्णांच्या टेबलाचं लाकूड दिसत होतं.

अण्णांनी त्या भोकात बोट घातलं. म्हणाले, "पावणं, नाव कापलेली पत्रिका घिऊन लगीन जुळवायला आलायसा व्हय?"

मेहता हसले. "अण्णा, मुलगी चांगली आहे."

"ती असंल की. बाप कोन हाय त्ये इचारतोय मी."

मेहतांनी ड्रॉइंगची घडी अशी घातली की भोक आतल्या बाजूला गेलं. ऑर्डर मात्र त्या दिवशी घेतली गेली.

*

पॅटर्न शॉपला गणू मिस्त्री होते. पॅटर्न म्हणजे कास्टिंगचा लाकडी नमुना. त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मिस्त्रींचा एक रिवाज होता. लाकूड कापायच्या आधी ते विचारत, "कशात बसतंय ह्ये?" भाग कुठं बसतो ते कळल्याशिवाय ते करवत उचलत नसत, आणि नाव रंगवल्याशिवाय पॅटर्न मांडणीवर ठेवत नसत. वस्तादानं तसं शिकवलं होतं म्हणे. ज्याला नाव नाही त्याला जागा नाही.

मी म्हणालो, "मिस्त्री, हे कशात बसतं ते आपल्याला सांगितलेलं नाही."

"मग नाव काय घालू?"

"नंबर टाका."

"नंबर जेलात असत्यात, डाक्टर."

चार दिवस त्यांनी काम केलं. पॅटर्न उभा राहिला तसे लोक बघायला जमले. वर रुंद, मधे कंबर, खाली परत रुंद. मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, ब्रश घेतला आणि लाल रंगात लिहिलं, 'डमरू'.

लोक हसले. मला हसू आलं नाही. तसली कंबर असलेली नळी मी पुस्तकात पाहिली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, परदेशातल्या एका ग्रंथालयात. तापलेला वायू त्या कंबरेतून दाबला की दुसऱ्या बाजूनं आवाजाच्या वेगापेक्षा जोरात बाहेर पडतो. पाण्याला असल्या कंबरेची गरज नसते.

तेव्हा, मला माहीत होतं का? हा प्रश्न पुढं मला माझ्या बायकोनं विचारला, आणि मी स्वतःला तर रोज विचारतो. एवढंच सांगतो, की डमरूला काय म्हणतात ते मला माहीत होतं आणि मी बोललो नाही.

*

पहिला लॉट तयार झाला तेव्हा मेहता एक टाइप केलेला कागद घेऊन आले. अमुक देशातल्या अमुक गावच्या पाणीयोजनेसाठी 'सिंचन पंपाचे भाग', धातू तपासला, योग्य आहे. देशाचं आणि गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. खाली सहीची जागा आणि तिच्यापुढं माझ्या सगळ्या पदव्या आधीच टाइप केलेल्या.

मी म्हणालो, "मेहता, पंपाला हा भाग लागत नाही."

"डॉक्टर, तुम्ही धातू तपासला ना?"

"तपासला."

"बरोबर आहे?"

"आहे."

"मग तुमची सही धातूखाली आहे असं समजा."

मी अण्णांकडं बघितलं. ते बराच वेळ दाराबाहेर बघत होते. तिथं मोल्डिंगची माणसं वाळू चाळत होती. "सत्तर घरं हायत, डॉक्टर," ते म्हणाले. "इंजिनाची मागनी बसलीया. पन तुमच्यावर माझा जोर न्हाय. तुम्ही न्हाय म्हनला तर न्हाय."

जोर नाही म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही. सही करताना हात थरथरला, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे थरथरला नव्हता. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

*

मग तपासणीला गिऱ्हाइकाचा माणूस येऊ लागला. कुठला, ते मेहतांनी सांगितलं नाही. करडा सूट, पायात रबरी तळव्यांचे बूट, त्यामुळं तो आलेला कळायचा नाही. चहा घ्यायचा नाही, बसायचा नाही. सगळे त्याला 'पावणं' म्हणत, आणि हा शब्द त्यानं स्वतःचं नाव म्हणूनच घेतला असावा, कारण हाक मारली की तो वळायचा.

त्याच्याकडं एक लहानशी हातोडी होती. प्रत्येक कास्टिंग तो साखळीनं टांगायला लावायचा, हातोडीनं एकदाच ठोकायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. ही पद्धत आमच्या मिस्त्रींचीही होती. चिरलेल्या धातूचा आवाज लगेच मरतो, सलग असेल तर रेंगाळतो. त्यामुळं हळूहळू दोघं दोन बाजूंना उभे राहायला लागले. दोघांचे डोळे मिटलेले, मधे टांगलेलं डमरू आणि सगळी शेड गप्प. दोघंही एकाच क्षणी मान हलवायचे, होकाराची किंवा नकाराची. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण एकदाही मतभेद झाला नाही.

नाकारलेले नग तो आमच्या ताब्यात ठेवू द्यायचा नाही. समोर भट्टीत टाकायला लावायचा आणि वितळेपर्यंत उभा राहायचा. शेवटचा काठ आत बुडाला की घड्याळ बघायचा आणि निघायचा.

मोल्डिंगचा एक जण म्हणाला, "पावणं मातीला आल्यागत हुबं ऱ्हातंय."

मिस्त्री म्हणाले, "मातीला आल्याली मान्सं रडत्यात रं. ह्यो खात्री करतोय."

*

आमच्या इंजिनाची अण्णांना फार मिजास. आजोबानं घेतलेलं इंजिन नातवाच्या मळ्यावर चालतंय, असं सांगणारा शेतकरी आला की ते त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. एकदा पावण्यासमोर त्यांना राहवलं नाही. डमरूवर हात ठेवून मेहतांना म्हणाले, "इचारा त्यास्नी, किती वर्सं चालाय पायजे? आमी दहाची ग्यारंटी द्यायला तयार हाय."

मेहतांनी इंग्रजीत विचारलं. पावण्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "साठ सेकंद."

अण्णांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "दिसाला एक मिनिट?"

"नाही," मेहता म्हणाले. "एकदाच."

शेडमधला पंखा तेवढा फिरत होता. मिस्त्री हात पुसत पुढं आले. आयुष्यभर त्यांनी दोन-दोन पिढ्या चालणारे भाग केले होते. त्यांनी डमरूकडं बघितलं, मग पावण्याकडं, आणि विचारलं, "आनि मग?"

मेहता इतर सगळं भाषांतर करून सांगत. ह्या प्रश्नाचं भाषांतर त्यांनी केलं नाही.

*

प्रत्येक नगाचा एक्स-रे काढला जाई आणि फिल्म पावणा घेऊन जाई, खराब निघालेलीसुद्धा. एक फिल्म चुकून माझ्या बॅगेत राहिली. माझा डबा काढताना ती मालतीच्या, माझ्या बायकोच्या, हाताला लागली. सकाळची वेळ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत धरून ती बघत होती.

"कुणाची छाती आहे ही?" तिनं विचारलं.

"छाती नाही. कास्टिंग आहे."

"मला वाटलं माणूस आहे." ती फिल्म फिरवून बघत राहिली. "गळा आहे, खांदे आहेत. फासळ्या तेवढ्या नाहीत."

मी म्हणालो, पंपाचा भाग आहे. मालतीचं माहेर पेठ वडगावचं, मळ्यातलं. लहानपणी ती बापाबरोबर पंप सुरू करायला जायची. तिनं फिल्म परत बॅगेत ठेवली, डबा धुवायला घेतला आणि पाठमोरीच म्हणाली, "आमच्या पंपाला एवढी तहान नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी फिल्म पावण्याच्या हातात दिली.  त्यानं ती उजेडात धरली, काठावर उमटलेल्या ओल्या बोटांचे ठसे बघितले आणि माझ्या हातांकडं बघितलं. माझे हात कोरडे होते. त्यानं पहिल्यांदाच मला मराठीत एक शब्द ऐकवला. कुठं शिकला कोण जाणे.

"घरी?"

मी मान हलवली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस मालती बाजारात गेली की परत येईपर्यंत मी दारात उभा असायचो. ती म्हणायची, मी लहान आहे का. मी तिला कारण कधी सांगितलं नाही.

*

तीन लॉट गेले आणि ऑर्डर अचानक थांबली. पावणा यायचा बंद झाला. मेहतांचा मुंबईचा फोन वाजायचा, पण कुणी उचलायचं नाही.

पुढं एका दुपारी कँटीनमध्ये रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. दोन देशांचं युद्ध बरीच वर्षं चाललं होतं आणि आता ते एकमेकांच्या शहरांवर क्षेपणास्त्रं सोडत होते. मिस्त्री माझ्या शेजारी जेवत होते.

"डाक्टर, येवड्या लांब जातंय म्हंजे त्याचं इंजिन किती येळ चालत असंल हो?"

मी शिकवायची सवय असलेला माणूस. विचारलं की उत्तर देतो. "इंजिन मिनिटभरच पेटतं, मिस्त्री. मग ते आपोआप जातं."

बोलून गेलो आणि मग ऐकलं मी काय बोललो ते. बाकावरच्या सगळ्यांनीही ऐकलं होतं. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. एकेक जण ताट घेऊन उठला. त्या दिवशी आमटी पातेलंभर उरली.

आमचा माल तिथं गेला असं मी म्हणत नाही. नाही गेला असंही म्हणू शकत नाही. नंतर मोठ्या देशांनी ह्या तंत्राच्या व्यापारावर बंधनं घातली, कुठल्या वस्तू विकायच्या नाहीत त्याची यादी केली. ती यादी मी मिळवून वाचली. वाचताना एका ओळीवर थांबलो. त्या दिवशी ड्रॉइंगमधून कापून काढलेल्या चौकोनात काय लिहिलेलं असणार, ते मला तिथं वाचायला मिळालं.

*

आता शेवटचा. हा आम्ही क्वचितच सांगतो.

रेडिओच्या त्या दुपारनंतर वर्षभरानं फाउंड्रीच्या पत्त्यावर माझ्या नावानं परदेशातून पत्र आलं. वहीचा कागद, इंग्रजी साधं, अक्षर शाळामास्तराचं असतं तसं गोल. तो होताच शाळामास्तर. गाव तेच, सर्टिफिकेटमधलं.

तो लिहीत होता, की आमच्या जिल्ह्याच्या कचेरीत एक कागद लावलेला आहे. त्यावर लिहिलंय की आमच्या गावाला सिंचनाचे पंप मिळाले. आम्हाला काहीच मिळालेलं नाही. कचेरीत विचारलं तर ते तो कागद दाखवतात. बायका अजून पाण्याला डोंगरापलीकडं जातात. कागदावर तुमचं नाव आहे. नावापुढच्या अक्षरांवरून तुम्ही शिकलेले आहात असं वाटतं, म्हणून तुम्हाला लिहितो. पंप केव्हा येतील?

मी ते पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तोवर माझी समजूत अशी होती की ते गाव मेहतांनी नकाशात बोट ठेवून उचललं असेल, किंवा मनानंच रचलं असेल. तिथं कुणी राहत असेल आणि तहानलेलं असेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अण्णांपुढं ठेवलं आणि मराठीत वाचून दाखवलं. मिस्त्रीही होते.

अण्णांनी पत्राची घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "पंप आपुन करतोय का न्हाय?"

"करतो."

"मग एक धाडून द्या की. तुमचा कागूद खरा करून टाकू."

मला अजून आठवतं, मी खुर्चीत बसलो होतो आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पंप मिस्त्रींनी स्वतः बसवला, हिरवा रंग दिला, चालवून बघितला. लाकडी पेटीत घालताना प्रत्येक भागावर नाव लिहिलं, मास्तराला जोडता यावं म्हणून. मी इंग्रजीत जोडणीची पत्रकं केली, आकृत्यांसह. पेटी जहाजानं गेली. ही गोष्ट आम्हा तिघांना आणि पेटी पोचवणाऱ्या ट्रकवाल्याला ठाऊक होती. ते महिने मी नीट झोपलो.

सात-आठ महिन्यांनी पेटी परत आली. खिळे तसेच, रंग तसाच. वर शिक्का होता, 'या नावाचं गाव या जिल्ह्यात नाही.'

मी म्हणालो, पत्ता लिहिण्यात माझी चूक झाली असेल. मास्तराचं पत्र काढून एकेक अक्षर ताडून बघितलं. चूक नव्हती. गाव कधी नव्हतंच, की होतं आणि आता नाही, हे शिक्क्यावरून कळत नव्हतं. अण्णा म्हणाले, पेटी हितंच आवारात ऱ्हाऊ द्या, बघू.

पेटी आवारात उतरून आठवडा झाला असेल. सकाळी साडेदहाचं टपाल आलं, त्यात एक जाड लिफाफा. परदेशी तिकिटं. आत एक टाइप केलेला कागद, त्यावर गावाचं नाव, मास्तराचं गोल अक्षरातलं नाव, आणि मजकूर, की एक सिंचन पंप, हिरवा, पाच हॉर्सपॉवर, मिळाला. जोडला. पाणी आलं. तक्रार मागे घेतली आहे.

अण्णांनी मला वाचायला सांगितलं, मी वाचलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं. मग आम्ही तिघं आवारात गेलो. पेटी जागेवर होती. मिस्त्रींनी पहारीनं एक फळी उचकटली. आत हिरवा रंग दिसला.

"खाली सही कुनाची हाय?" अण्णांनी विचारलं.

तोवर मी खाली बघितलंच नव्हतं. दोन सह्या होत्या. एक घेणाऱ्याची, मास्तराची. दुसरी देणाऱ्यातर्फे, पंप जागेवर जाऊन चालू करून दिला म्हणून. ती माझी होती. पदव्यांसकट. मी ती केलेली नव्हती, कोल्हापूर सोडून त्या वर्षी मी कुठं गेलेलो नव्हतो. पण कुणी कोर्टात उभं करून विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हणू शकलो असतो का, याची मला खात्री नाही. शेवटच्या अक्षराला मी एक बाक देतो, घाईत असलो की विसरतो. त्या सहीत तो बाक होता.

अण्णांनी कागद हातात घेतला, इंग्रजी वाचता येत नसूनही बराच वेळ बघितला आणि मला परत दिला. 

मिस्त्री पेटीपाशी उभे होते, पहार हातात. त्यांनी उचकटलेली फळी परत जागेवर दाबली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग डाक्टर, आता ह्यो पंप कुनाचा?"